श्रद्धांजलीचा तयार मजकूर

गोदावैभव शिक्षण मंडळाच्या जनसंपर्क कक्षात एक काचेचं कपाट होतं आणि त्याला कुलूप होतं. आतली पुस्तकं कुणी पळवू नयेत म्हणून ते लावलेलं. ती कुणी पळवील अशी भीती मात्र जनसंपर्क अधिकारी आलोक निटुरे सोडले तर अख्ख्या नांदेडात कुणालाही नव्हती.

कपाटात काय नव्हतं? संस्थेवर संकट आलं तर तोंड कसं उघडावं आणि किती उघडावं हे सांगणारा उशीएवढा इंग्रजी ग्रंथ होता. थोरामोठ्यांच्या वचनांचा कोश होता. रिकाम्या भाषणात वचनं पेरली की भाषण भरल्यासारखं वाटतं. व्यासपीठावर कुणाची खुर्ची कुणाच्या उजवीकडे याचं एक मार्गदर्शक होतं, पण मराठवाड्यात जो आधी येईल तो मधल्या खुर्चीवर बसतो, त्यामुळे त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. पत्रकारांची निर्देशिकाही होती. तिच्यातले निम्मे पत्रकार निवृत्त झाले होते आणि उरलेले प्लॉटिंगच्या धंद्यात गेले होते.

आलेला पाहुणा कपाटाकडे बघून हमखास विचारायचा, "हे सगळं वाचलंत?"

"संदर्भग्रंथ वाचायचे नसतात," आलोक म्हणायचा, "ते असावे लागतात."

वाचलं जायचं, आणि वाचण्यापेक्षा उतरवलं जायचं, ते पुस्तक कपाटाबाहेर टेबलावर पडलेलं असे. 'जनसंपर्क सोबती', लेखक आलोक निटुरे. इंग्रजी ग्रंथ बातमी म्हणजे काय हे समजावत बसायचे. सोबतीत ती बातमीच लिहून ठेवलेली होती. उद्घाटनाची, सत्काराची, वृक्षारोपणाची, बिनविरोध निवडीची, शोकसभेची, आरोपांच्या खुलाशाची. प्रत्येकीला नमुना क्रमांक. आपण फक्त गाव आणि तारीख घालायची. नांदेडपासून लातूरपर्यंत अशी पतसंस्था नव्हती, असं कॉलेज नव्हतं, असं गणेश मंडळ नव्हतं, की ज्याच्या टेबलाच्या खणात सोबतीची झेरॉक्स नव्हती. ज्यांच्या खणात नव्हती त्यांच्या मोबाइलात होती. विकत मात्र फारशी कुणाकडे नव्हती. पण आलोकचा हिशेब निराळा होता. त्याला हे पुस्तक एकाच माणसाच्या खाती जमा करायचं होतं.

तो माणूस म्हणजे लातूरचे बसवंतराव औरादे. आलोकचे सासरे. सगळे त्यांना अप्पा म्हणत. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षक म्हणून अप्पांनी नोकरी काढली आणि त्या काळात हिरव्या शाईनं इतके आक्षेप काढले की रेणापूर, औसा, निलंगा पट्ट्यातल्या कितीतरी सचिवांना हिरवा रंग सोसेनासा झाला. मुलगी दाखवायच्या वेळी त्यांनी आलोकला एकच प्रश्न विचारला होता.

"जनसंपर्क म्हंजे नेमकं काय करता?"

आलोकनं प्रतिमा, विश्वासार्हता, समाजाशी संवाद असं बरंच सांगितलं. अप्पांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "म्हंजे हाय ते सांगायचं, का न्हाई ते?"

लग्न झालं, कारण शिवांगीला पोरगा पसंत होता आणि शिवांगीपुढं अप्पांचे आक्षेप चालत नसत. पण लग्नानंतरही अप्पा जावयाची ओळख चारचौघांत एवढीच करून देत: "हे आमचे जावई. कॉलेजात असतेत." कॉलेजात तर शिपाईही असतो, घंटाही असते! हे 'असतेत' आलोकला वर्षानुवर्षं सलत होतं.

म्हणून सोबती लिहिताना त्यानं एक खुबी केली. नमुन्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच काल्पनिक नाव वापरावं, असं इंग्रजी ग्रंथांत म्हटलं होतं. आलोकनं काल्पनिक नाव शोधण्याचे कष्ट वाचवले आणि सासऱ्यांचं घातलं. नमुना एक, उद्घाटन: 'ज्येष्ठ मार्गदर्शक बसवंतराव औरादे यांच्या शुभहस्ते'. नमुना दोन, सत्कार: 'सहकार क्षेत्रातील ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व बसवंतराव औरादे'. अप्पांनी पहिल्या आवृत्तीची पहिली चार पानं वाचली, पुस्तक मिटलं आणि "बरं लिवलंय" म्हणाले. अप्पांच्या तोंडून 'बरं' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून शाल आणि श्रीफळ.

पुढची पानं त्यांनी वाचली नाहीत. कौतुकाच्या पुस्तकात माणूस स्वतःपुरतंच वाचतो.

आता आपल्याकडची एक रीत इथं सांगायला हवी. पेपरवाल्यांचं पान संध्याकाळी लागतं आणि कार्यक्रम 'सायंकाळी ठीक सहा'चा रात्री सुरू होतो. म्हणून बातमी कार्यक्रमाच्या आधीच पोचवायची असते. कार्यक्रम व्हायचा असतो, पण बातमीत तो 'उत्साहात संपन्न' झालेला असतो. टाळ्या वाजायच्या असतात, पण 'टाळ्यांच्या कडकडाटात' छापून तयार असतं. यात अडचण येते ती पाहुण्यांची. मोठा माणूस हो म्हणतो आणि ऐनवेळी लातूरहून मुंबईला निघून जातो. मग बातमीत पाहुणा म्हणून लिहायचं कुणाला? ही अडचण सोबतीनं कायमची मिटवली. नमुन्यात पाहुणा छापलेलाच होता. तो कधी नाही म्हणत नव्हता, त्याला गाडी पाठवावी लागत नव्हती, तो भाषण लांबवत नव्हता. संस्थाचालकांनी ते नाव तसंच राहू दिलं.

चाकूरच्या कन्या शाळेत अप्पांच्या हस्ते सायकली वाटल्याची बातमी पहिल्यांदा छापून आली, तेव्हा त्यांनी रागानं आलोकला फोन केला.

"जावईबापू, मी त्या दिवशी दवाखान्यात गुडघा दाखवायला गेलतो! हे बोगस व्हाउचर हाय."

अहमदपुरात त्यांनी दीपप्रज्वलन केलं तेव्हा राग थोडा उतरला. उदगीरला त्यांनी महिला मेळाव्यात मौलिक मार्गदर्शन केलं, त्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "काय मार्गदर्शन केलंत ओ?" तर अप्पा म्हणाले, "बचतीवर बोललो असंन." पुढं त्यांनी कात्रणांसाठी एक फाइल आणली. आणि मग व्हायचं तेच झालं. एवढं नाव छापून येतंय म्हणजे माणूस मोठाच असणार, असा हिशेब करून लोक त्यांना खरोखरच बोलवायला लागले. ज्यानं आयुष्यभर न झालेल्या सभांच्या इतिवृत्तांवर हिरव्या रेघा मारल्या, तो माणूस न झालेल्या भाषणांच्या पुण्याईवर झालेली भाषणं करू लागला.

मागच्या दसऱ्याला आपटा द्यायला आलेल्या मंडळींपुढं अप्पा म्हणाले, "हे आमचे जावई. लेखक हायत."

आलोक स्वयंपाकघरात जाऊन दोन पेले पाणी प्यायला.

म्हणून रविवारी ठरलेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रकाशनाला प्रमुख पाहुणे अप्पाच. मंडळाच्या अध्यक्षा रुद्राणीताईंनी विचारलं, "मंत्री नाही मिळाले का?" आलोक म्हणाला, "यांचं नाव मंत्र्यांपेक्षा जास्त छापून येतं, ताई." हे खरंच असल्यामुळे ताईंनी सही केली. अप्पा आणि सासूबाई शनिवारीच लातूरचं घर कुलूपबंद करून नांदेडला मुक्कामी आले. आलोकनं प्रकाशनाची बातमी त्याच दुपारी पेपरांना पाठवून दिली: 'जनसंपर्क सोबतीचे बसवंतराव औरादे यांच्या हस्ते उत्साहात प्रकाशन'. नमुना क्रमांक तीन.

त्याच दुपारी रेणापूरच्या एका पतसंस्थेत हणमंत नावाचा कारकून सोबतीचा नमुना सतरा उघडून बसला होता, हे आलोकला कुठून ठाऊक असणार?

रविवारी सकाळी लातूरहून आलेल्या फोनवर एक माणूस नुसता रडत होता. "हॅलो, कोण?" म्हणेपर्यंत त्यानं ठेवला. दुसऱ्यानं अंत्यविधीचीच वेळ विचारली, "माती कितीला हाय?" तिसऱ्यानं शब्द न बोलता दैनिक मांजरातीरच्या पानाचा फोटोच पाठवला. आलोकनं तो बोटांनी मोठा करून वाचला.

'रेणापूर, प्रतिनिधी: सहकार क्षेत्रातील ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व बसवंतराव औरादे यांच्या दुःखद निधनाबद्दल येथे शोकसभा घेण्यात आली. अध्यक्षस्थानी संस्थेचे संस्थापक नरसिंगराव होते. बसवंतराव हे मनमिळाऊ व अजातशत्रू म्हणून परिचित होते. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा मोठा परिवार आहे.'

आत अप्पा कढत पाण्यानं आंघोळ करत मोठमोठ्यानं स्तोत्र म्हणत होते. ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व जिवंत होतं, एवढी एक गोष्ट आलोकच्या बाजूला होती. त्यानं पहिलं काम केलं ते म्हणजे अप्पांचा मोबाइल चार्जिंगच्या नावाखाली बंद करून फ्रिजवर ठेवला. दुसरं, गच्चीवर जाऊन रेणापूरला नरसिंगरावांच्या पतसंस्थेतल्या ओळखीच्या कारकुनाला फोन लावला.

"हणमंतराव, मयत कोण झालंय?"

"नरसिंगराव, सर. आमचे संस्थापक. लई मोठा माणूस गेला."

"मग बातमीत बसवंतराव कसे मेले?"

"ते तर असतेतच की, सर."

"असतेतच म्हणजे?"

"दरवेळेसच असतेत. वार्षिक सभेला असतेत, झाडं लावायला असतेत. पुस्तकात छापलेलं नाव हाय, आपण कशाला काढावं म्हणलं. नावाला मोकळी जागा एकच होती, अध्यक्षस्थानी म्हणून. तिथं नरसिंगरावाला टाकलं."

"अहो, मेलेला माणूस अध्यक्षस्थानी?"

"सर, संस्थापक हायत. त्यांच्याच शोकसभेला दुसऱ्याला अध्यक्ष केलं असतं तर घरच्यांना कसं वाटलं असतं?"

"आणि आता घरच्यांना कसं वाटतंय?"

"खूश हायत, सर. म्हणले, बाबा गेले पण खुर्ची न्हाई गेली."

आलोकनं डोळे मिटले. "ताबडतोब खुलासा द्या पेपरला."

"देतो की. खुलाशाचा नमुना कितवा, सर?"

"बावीस," आलोकच्या तोंडून सवयीनं गेलं, आणि फोन ठेवल्यावर त्याला आठवलं की नमुना बावीसमध्येही नाव अप्पांचंच आहे.

तो मागं वळला तर शिवांगी जिन्याच्या दारात उभी. तिच्या हातात तिचा मोबाइल होता. बातमी तिच्यापर्यंत मैत्रिणींकडून पोचली होती.

"मी लिहिलेलं नाही हे," आलोक घाईनं म्हणाला. "रेणापूरचा तो कारकून..."

"नमुना तुमचा आहे ना?"

"नमुना माझाच. पण तो आपला साचा असतो गं. सगळीकडे असंच असतं. पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे. वाचायला भरल्यासारखं वाटतं."

"नाव घालताना अप्पांचं आठवलं तुम्हाला," शिवांगी म्हणाली. "पश्चात लिहिताना मी नाही आठवले."

आणि ती खाली निघून गेली. भांडली असती तर आलोकला बरं वाटलं असतं. भांडण पुढं कुठं जातं आणि कुठं मिटतं, हे पाठ होतं. ती खाली गेली आणि साडीला इस्त्री करत बसली. साडी आधीच इस्त्रीची होती.

आता आलोकच्या वहीला दोन खाती झाली. एक अप्पांचं, जे इतक्या वर्षांत जेमतेम जमेला आलं होतं. आणि दुसरं शिवांगीचं, जे जमेलाच आहे असं धरून त्यानं कधी उघडून बघितलं नव्हतं. कार्यक्रम पार पडेपर्यंत अप्पांच्या कानावर काही जाऊ द्यायचं नाही, मग शांतपणे सांगू, असं ठरवून तो सगळ्यांच्या आधी मंडळाच्या इमारतीत गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या उशीएवढ्या ग्रंथाची खरी गरज पडली होती. पण कपाटाची किल्ली भांडारपालाकडे, भांडारपाल विष्णुपुरीला साडूच्या घरभरणीला, आणि साडूच्या घरात फोनला रेंज नाही. संकटकाळचा ग्रंथ काचेआडून त्याच्याकडे पाहत होता आणि तो ग्रंथाकडे.

ग्रंथाच्या मलपृष्ठावरचं मात्र त्याला आठवत होतं: पहिल्या तासात बोला, एकच प्रवक्ता नेमा, आणि तो लोकांचा विश्वास बसेल असा निवडा. पहिला तास इस्त्री बघण्यात गेला होता. आणि अप्पा मेलेले नाहीत यावर लोकांचा विश्वास बसेल असं सांगणारा प्रवक्ता जगात एकच होता, ज्याला सांगायचंच नव्हतं.

रुद्राणीताईंना त्यानं सगळं सांगितलं. ताईंनी हॉलमध्ये डोकावून खुर्च्या पाहिल्या. "लोक किती आलेत?"

"कमीच आहेत, ताई."

"मग मयतीच्या बातमीनं दोन माणसं जास्त आली तर आपलं काय जातंय?" ताई म्हणाल्या आणि व्यासपीठाकडे गेल्या. संस्था चालवायला ग्रंथ लागत नाहीत हे आलोकला तेव्हा कळलं.

तिकडे लातुरात अप्पांच्या गल्लीनं आपलं काम चोख केलं होतं. बातमी वाचून शेजारी दाराशी जमले तर दाराला कुलूप. फोन लावला तर बंद. एवढ्यावरून गल्लीनं निष्कर्ष काढला की नांदेडला लेकीकडे गेले आणि तिथंच गेले. त्यांनी दोन जीपा केल्या, मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावरून हार घेतले आणि नांदेड गाठलं. आलोकच्या घराला कुलूप होतं. समोरच्या बाई म्हणाल्या, "सगळे हॉलवर गेलेत." अंत्यदर्शन हॉलवर ठेवलं म्हणजे माणूस खरोखरच मोठा होता, असं म्हणत मंडळी हॉलवर आली.

दारातूनच त्यांना दिसलं: व्यासपीठावर मागं अप्पांचा भलामोठा फोटो, समोर फुलांची रास, समई तेवत असलेली, आणि मधल्या खुर्चीवर खुद्द अप्पा, गळ्यात हार, अंगावर शाल, मान किंचित कललेली. रुद्राणीताईंचं प्रास्ताविक चालू होतं, त्यात मान कलणं काही विशेष नव्हतं. सगळ्यात पुढच्या शेजाऱ्यानं हात जोडले आणि त्याला हुंदका फुटला.

अप्पांनी डोळे उघडले. "अरे, श्रीशैल? तू बी आलास? बस की, उभा कामून?"

श्रीशैलच्या हातातला हार खाली पडला. मागच्या जीपमधली एक म्हातारी 'अगं बाई!' म्हणून भिंतीला टेकली. मग एकच गलका झाला आणि त्या गलक्यात आलोकला जे लपवायचं होतं ते पंधरा तोंडांनी एकदम व्यासपीठावर पोचलं.

"पेपर आण इकडं," अप्पा म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला. खिशातून पेन काढलं. निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात हिरवं पेनच असे. बातमी त्यांनी एकेका ओळीवर टोक टेकवत वाचली. मग समोर रिबिनीत बांधलेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या गठ्ठ्यातून एक प्रत ओढली, पानं उलटत नमुना सतरापर्यंत गेले आणि दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिले. आलोक व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभा होता. 'लेखक हायत'चं पुन्हा 'कॉलेजात असतेत' होणार, याची त्याला खात्री पटली होती.

अप्पा माइकशी आले.

"मंडळी, मी जन्मभर संस्था तपासल्या. मेलेल्या माणसाच्या नावावर पगार उचललेला पाहिला. पण जिता माणूस कागदावर मेलेला पहिल्यांदाच पाहिला, अन् तो मीच निघालो."

लातूरची मंडळी हसली. नांदेडची मंडळी हसावं की नाही म्हणून रुद्राणीताईंकडे बघत राहिली.

"बातमी लई चांगली हाय. अजातशत्रू म्हणलंय. जिता असताना मला असं म्हणणारा एक बी भेटला न्हाई. ज्यांच्यावर मी आक्षेप काढले, त्यातले दोघं-तिघं जीपमधून आलेत. खात्री करायला आले असतील. मनमिळाऊ म्हणलंय. ह्याला मात्र आमच्या घरच्यांची सही लागंल."

"मी न्हाई देणार," पहिल्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या, आणि आता नांदेडही हसलं.

"मेल्याचं बी मला काही न्हाई. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतेत. जावयानं सासऱ्याचं आयुष्य वाढवलं, अजून काय पाहिजे? पण एक आक्षेप हाय." अप्पांनी पान वर धरलं. "माझ्या पश्चात दोन मुलगे लिवलेत. मला मुलगे न्हाईत. मला एक लेक हाय. ती तिथं बसलीय. जावईबापू, शिल्लक चुकली हाय. हे मी मंजूर करत न्हाई."

सगळ्यांच्या माना शिवांगीकडे वळल्या. ती समोर बघत होती, म्हणजे आलोककडे.

आलोक माइकपाशी गेला. दिलगिरीचा नमुना तेवीस. 'अनवधानाने राहिलेल्या त्रुटीबद्दल, कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास.' दोन्ही जिल्ह्यांतल्या किती माणसांना त्यानं या वाक्यावर बसवून संकटाच्या नदीपार नेलं होतं! त्यानं तोंड उघडलं, "अनवधानाने..." आणि शिवांगीची एक भुवई वर गेली. ती भुवई कुठल्याच ग्रंथात नव्हती.

"चुकलं," आलोक म्हणाला. "साच्यात मुलगे होते, मी तसेच ठेवले. घरात बघून लिहायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

एवढं लहान निवेदन त्यानं त्याच्या नोकरीत कधी केलं नव्हतं. शिवांगीनं पदर नीट केला आणि भुवई खाली घेतली. पुरती नाही, पण घेतली.

"आता दुरुस्ती," अप्पा म्हणाले. "कापा दोन मुलगे. सुना बी कापा. लिवा: कन्या शिवांगी."

"लिहितो. आणि तुमचं नाव पण काढतो, अप्पा. काल्पनिक घालतो."

"नाव राहू द्या."

"अप्पा!" शिवांगी उठलीच.

"अगं, ऐक की. हे लोक नाव बदलतेत का? रेणापूरचा हणमंत संस्थापकाला अध्यक्ष करंल, पण छापलेलं पुसणार न्हाई. मग राहू दे. मी कितीदा बी मरंन. पण दरवेळी तुझं नाव तरी छापून यील."

पुढचा कार्यक्रम म्हणजे आलोक व्यासपीठावरच बसून एकेका प्रतीत 'दोन मुलगे, सुना' खोडून 'कन्या शिवांगी' लिहीत होता आणि अप्पा प्रत्येक दुरुस्तीशेजारी हिरवी खूण करत होते. अंत्यदर्शनाला आणलेले हार प्रकाशनात खपले. लातूरकर जेवूनच गेले. मयतीला आलेल्यांना उपाशी कसं पाठवायचं, असं रुद्राणीताई म्हणाल्या आणि त्यांनी पानं वाढायला सांगितली.

सोमवारच्या मांजरातीरमध्ये हणमंतचा खुलासा आला: 'बसवंतराव औरादे यांनी आपल्या निधनाच्या आरोपाचे खंडन केले असून, हे वृत्त विरोधकांनी राजकीय हेतूने पसरविल्याचे म्हटले आहे.' अप्पांनी तोही कापून फाइलला लावला. आता ते जावयाची ओळख नीट करून देतात. "हे आमचे जावई. जनसंपर्कात हायत. ह्यांनीच मला वर पाठवलं, अन् ह्यांनीच खाली आणलं." शेवटचं वाक्य आलोकला थोडं टोचतं, पण 'असतेत'पेक्षा बरं.

दुसरी आवृत्ती पहिलीसारखीच झेरॉक्समधून पसरली. अप्पांचा हिशेब मात्र एका जागी चुकला. माणसं नाव बदलत नाहीत असं ते धरून चालले होते. रेणापूरच्या फजितीनंतर सगळे एवढं शिकले की मेलेल्याचं नाव तेवढं बदलायचं. बाकीचा मजकूर जशाचा तसा. त्यामुळे गेल्या चार-सहा महिन्यांत नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत जे कुणी मोठे सहकारमहर्षी, माजी सरपंच, निवृत्त मुख्याध्यापक वारले, ते सगळे आपल्या पश्चात कन्या शिवांगीला सोडून गेले.

ओळखीच्या बायकांचे सांत्वनाचे फोन येतात. पहिल्या दोन-तीन वेळा शिवांगीनं खुलासा केला. मग आलोकला म्हणाली, "हे माझे कितवे वडील?" तिसऱ्या आवृत्तीत काढून टाकतो, असं तो म्हणाला, तर तिनं ते नको म्हटलं. आता ती फोन उचलते आणि म्हणते, "हो ना. फार चांगले होते."

अप्पाही रोज सकाळी पेपर वाचून झाला की लातूरहून फोन करतात.

"बाई, आज कोण गेलं?"

"तुमच्यासारखेच एक, अप्पा," शिवांगी सांगते. "मनमिळाऊ होते."